गोऱ्या रंगाचें खूळ आणि डबींतलें विष

आपल्या समाजांत खुळें पुष्कळ आहेत. ऋण काढून लग्नाच्या जेवणावळी घालण्याचें खूळ आहे, मानपानाचें आहे, मुहूर्ताचें आहे. त्यांच्या पायीं घर बुडतें, शेत गहाण पडतें, हें आपण डोळ्यांनीं पाहतों. परंतु अलीकडे एक खूळ असें बोकाळलें आहे कीं त्यानें नुसता पैसा जात नाहीं, तर लेकीसुनांच्या पोटांतले अवयव निकामी होतात. तें खूळ म्हणजे गोरें होण्याचें. तें ज्या लहानशा डबींतून घराघरांत शिरतें, त्या डबीविषयीं आज चार शब्द स्पष्ट लिहावयाचे आहेत.

कोणी म्हणेल, "मास्तर, हें शहरांतल्या बायकांचें दुखणें. आम्हां शेतकऱ्या-कारागिरांच्या घरीं त्याचें काय?" असें म्हणणाऱ्यानें एकदां आठवड्याच्या बाजारांत फिरून यावें. बांगड्यांच्या दुकानाशेजारीं, टिकल्या-पिनांच्या पाटीवर, औषधांच्या दुकानांत, तालुक्याच्या ब्यूटी पार्लरमध्यें आणि आतां तर मोबाइलच्या पडद्यावरही हीं मलमें विकावयास मांडलेलीं आहेत. एकावर परदेशी अक्षरें, दुसऱ्यावर गोऱ्या बाईचें चित्र, तिसऱ्यावर तर कांहींच नाहीं, नुसती पांढरी डबी! आम्ही खेड्यांतले शाळामास्तर; सातवी-आठवीच्या मुलींच्या तोंडावर हा पांढरा थर आम्हांला रोज दिसतो. ज्या वयांत मुलीनें वहीपुस्तकाला पैसे मागावेत, त्या वयांत ती डबीला पैसे मागते. आणि आई ते देते, कारण चार वर्षांनीं तिला पाहावयास पाहुणे यावयाचे आहेत.

तेव्हां प्रथम रंग म्हणजे काय, तें समजून घेऊं. माणसाच्या कातडींत मेलॅनिन नांवाचें एक काळपट द्रव्य तयार होतें. तें ज्यांच्यांत अधिक ते सांवळे, ज्यांच्यांत कमी ते गोरे. हें द्रव्य उगीच दिलेलें नाहीं. त्याला काम नेमून दिलेलें आहे. उन्हांतील अतिनील किरण कातडींत शिरून तेथील पेशींची नासाडी करतात. मेलॅनिन त्या किरणांना वरच्यावर अडवितें. पावसांत शेतकरी डोक्यावर घोंगडीची खोळ घेतो, तशीच ही कातडीची खोळ आहे. ज्यांच्या अंगांत हें द्रव्य जन्मतःच बनत नाहीं, त्यांना ऊन सोसत नाहीं आणि कातडीचा कर्करोग होण्याचें भय त्यांना फार असतें. म्हणजे ज्या सांवळेपणाची आपण लाज बाळगतों, तो आपल्या उन्हांत राबणाऱ्या अंगाचा राखणदार आहे. डबी विकणारा म्हणतो, "तुमचा राखणदार मी हाकलून देतों, मला पैसे द्या!" आणि आपण देतों.

आतां हा राखणदार हाकलावयाचा तर कांहीं जालीम वस्तु लागते. अशा तीन वस्तु मुख्य आहेत: पारा, स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन. तिन्हींची ओळख एकेक करून घेऊं.

पाऱ्याची ओळख आपल्या कारागीर बंधूंना नव्यानें करून द्यावयास नको. तांब्या-पितळेच्या वस्तूवर सोन्याचा मुलामा चढविण्यासाठीं पूर्वीं पारा वापरीत. सोन्याच्या अंगठीला पारा लागला तर ती पांढरी पडते, हें सोनार जाणतो. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षें ज्या कारागिरांच्या छातींत गेली, त्यांचे हात थरथरूं लागत, हिरड्या सुजत, दांत हालत, स्वभाव चिडखोर होई. तोच पारा क्षाराच्या रूपानें या मलमांत घालतात. मेलॅनिन बनण्याच्या कामीं कातडींतील तांबें असलेलें एक द्रव्य लागतें. पारा त्याचें काम बंद पाडतो, म्हणून कांहीं आठवड्यांत कातडी उजळ दिसते. बाई खूष होते, शेजारीण विचारते, आणि डबी दुसऱ्या घरीं जाते.

परंतु पारा कातडीवर बसून राहत नाहीं. तो रक्तांत उतरतो आणि मूत्रपिंडांत, ज्याला आज सर्व लोक किडनी म्हणतात तेथें, जाऊन सांठतो. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळण. चाळणीचीं भोकें मोठीं झालीं म्हणजे पिठांत कोंडा उतरतो. तसें मूत्रपिंडाची चाळण बिघडली म्हणजे रक्तांत राखावयाचें प्रथिन लघवींत उतरतें. मग लघवीला फेस येतो, डोळ्यांभोंवतीं व पायांवर सूज चढते, अंग जड होतें. घरचीं माणसें म्हणतात, बाहेरचें कांहीं लागलें असेल. आणि डबी तिकडे आरशाखालीं तशीच असते! पारा मज्जातंतूंनाही सोडीत नाहीं. हातापायांना बधिरपणा, कंप, मनाची उदासी, जिवाची घालमेल, हीं त्याचीं लक्षणें आहेत. शिवाय तो लावणाऱ्या बाईपुरता राहत नाहीं. त्याची वाफ निघते. तो उशीला लागतो, पंचाला लागतो. एकाच खोलींत निजणाऱ्या लहान मुलाच्या अंगांत जातो. गरोदर बाईच्या पोटांतल्या बाळालाही पोंचतो. रंग एकीचा, आणि विष साऱ्या घराला!

हें आम्ही भय घालण्यासाठीं लिहीत नाहीं. केनिया देशांतील नैरोबीच्या डॉक्टरांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें कीं, मूत्रपिंडाच्या अशा विकाराच्या ६० रोग्यांपैकीं ३२ जण गोरेपणाचीं पारा असलेलीं मलमें लावीत होते. त्याला पन्नासांहून अधिक वर्षें झालीं, पण तीच रड आपल्या देशांत चालू आहे. केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी तपासले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचीं मलमें लावणारे निघाले. मलम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, एवढीच त्यांतली समाधानाची गोष्ट. आणि केरळपर्यंत तरी कशाला जावें? आपल्या वऱ्हाडांत, अकोल्यास, एकाच घरांतील तिघींचीं मूत्रपिंडें अशींच बिघडलीं. एकीचा रंग उजळला म्हणून घरांतल्या इतर दोघींनींही तेंच मलम लावलें होतें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तपास झाला, तेव्हां सारें मूळ मलमांतल्या पाऱ्यापाशीं निघालें. २०२३ च्या जानेवारींत ही बातमी वर्तमानपत्रांतून आली. किती घरीं ती वाचली गेली?

दुसरी वस्तु स्टेरॉइड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशीं त्यांचीं नांवें असतात. हीं औषधें आहेत. इसब, सोरायसिस अशा रोगांवर डॉक्टर तीं ठराविक दिवस, ठराविक जागीं लावावयास सांगतात आणि तीं गुण देतात. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन या तिघांचें एकत्र मलमही चेहऱ्यावरच्या वांगावर डॉक्टर कांहीं आठवड्यांपुरतें देतात. पण आपले लोक तीं मलमें औषधांच्या दुकानांतून चिठ्ठीवांचून आणतात आणि पावडरीसारखीं रोज, वर्षानुवर्षें चोपडतात. "डॉक्टरच देतात ना?" असें वर विचारतात. विळा कापणीला लागतो, म्हणून तो कोणी पाळण्यांत ठेवीत नाहीं!

या मलमाची चाल फार कपटी असते. पहिले कांहीं आठवडे चेहरा नितळ व उजळ दिसतो. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, खालच्या लाल शिरा वर दिसूं लागतात, पुटकुळ्या उठतात, बाईच्या तोंडावर लव वाढते, उन्हांत पाऊल टाकलें कीं आग होते. मलम सोडावें तर चेहऱ्याचा भडका उडतो. मग बाईला वाटतें कीं मलमच बरें होतें, आणि ती पुन्हां लावते. दारुड्याची सकाळची गत आणि हिची गत एकच. डोळ्यांजवळ फार दिवस लावलें तर काचबिंदु-मोतीबिंदूचें भय. पुष्कळ जागीं, पुष्कळ दिवस लावलें तर तें रक्तांत जाऊन साखर व रक्तदाब वाढवितें. गजकर्णावर लावलें तर खाज तेवढी थांबते, पण गजकर्ण दबून पसरतें आणि मग साध्या औषधाला दाद देत नाहीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, देशांतील निरनिराळ्या ठिकाणीं चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रोग्यांपैकीं ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावणारे निघाले. हा प्रकार इतका वाढला कीं आपल्याच देशांतील त्वचारोगतज्ज्ञांना "स्टेरॉइडनें बिघडलेला चेहरा" असें या दुखण्याला स्वतंत्र नांव द्यावें लागलें.

तिसरी वस्तु हायड्रोक्विनोन. हें औषधही डॉक्टरच्या देखरेखीखालीं, थोडे दिवस, उन्हापासून तोंड जपून वापरावयाचें आहे. दक्षिण आफ्रिकेंत तें गोरेपणाच्या मलमांतून बाजारांत मोकळें सुटलें. तेथील काळ्या मजुरणींनीं तें वर्षानुवर्षें लावलें. परिणाम काय झाला? त्यांच्या गालांवर निळसर काळे, खरखरीत डाग उठले, आणि ते बहुधा जन्माचे राहिले. १९७५ सालीं तेथील डॉक्टरांनीं या डागांचें कारण हायड्रोक्विनोन असल्याचें लिहून प्रसिद्ध केलें. सरकारला सौंदर्यप्रसाधनांतून तें हद्दपार करण्यास मात्र १९९० साल उजाडावें लागलें. गोरें व्हावयास गेल्या आणि कायमच्या काळवंडून आल्या! रोगापेक्षां इलाज भयंकर म्हणतात तो हाच. आणि येथें तर रोगही नव्हता.

मग सरकार झोंपलें आहे काय, असें कोणी विचारील. कायदे आहेत. जपानांत मिनामाता गांवीं कारखान्याच्या सांडपाण्यांतील पाऱ्यानें मासे व माणसें नासलीं. तो रोग १९५६ सालीं उघडकीस आला. त्या गांवाच्या नांवानें २०१३ सालीं पाऱ्याविरुद्ध जगांतील राष्ट्रांचा करार झाला, आणि २०१८ सालीं भारतानेंही त्यास मान्यता दिली. त्या करारांतल्या राष्ट्रांनीं २०२३ सालीं ठरविलें कीं, पारा घातलेलीं सौंदर्यप्रसाधनें २०२५ नंतर बनवूं नयेत व विकूं नयेत. आपल्या देशांतील २०२० च्या नियमांप्रमाणें मलमांत मुद्दाम पारा घालण्यास बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. मार्च २०१८ मध्यें स्टेरॉइडचीं चौदा मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा हुकूम निघाला. केरळच्या औषध नियंत्रण खात्यानें २०२३ सालीं "ऑपरेशन सौंदर्य" नांवाची मोहीम काढून दुकानें तपासलीं.

पण कायदा कागदावर आणि डबी बाजारांत! २०१४ सालीं दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें गोरेपणाचीं ३२ मलमें तपासलीं, त्यांपैकीं १४ मध्यें पारा निघाला. तीं तर दुकानांत उघड मिळणारीं मलमें होतीं. ज्या डबीवर कारखानदाराचें नांवच नाहीं, जी परदेशांतून चोरवाटेनें येते किंवा पार्लरच्या मागच्या खोलींत भरली जाते, तिला पकडावें कोणीं? ज्यानें नांव लिहिलें नाहीं त्यानें तें विसरून राहिलें, असें समजूं नका. नांव लिहिलें तर सांपडूं, हें तो पुरतें जाणतो.

न्यायानें एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. बाजारांतलें प्रत्येक मलम विषारी असतें असें आमचें म्हणणें नाहीं. नांव-पत्ता छापून, नियम पाळून बनविलेलींही पुष्कळ आहेत. पण त्यांच्या जाहिरातींनीं मन तयार केलें नसतें, तर बिननांवाच्या डबीला गिऱ्हाईक कोठून मिळालें असतें? "फेअर अँड लव्हली" हें मलम १९७५ सालीं आपल्या बाजारांत आलें. सांवळ्या मुलीला ना नोकरी ना नवरा, आणि गोरी झाली कीं दोन्ही, अशा गोष्टी या जातीच्या जाहिरातींनीं पिढ्यानपिढ्या सांगितल्या. जगभर टीका झाली तेव्हां २०२० सालीं त्या मलमाच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द काढून "ग्लो अँड लव्हली" असें नांव ठेवलें. डबीवरचा शब्द गेला; आपल्या डोक्यांतला गेला काय?

हाच खरा प्रश्न आहे. कारखानदार नफ्यासाठीं विकतो, दुकानदार पोटासाठीं विकतो. पण घेतो कोण? आणि घ्यावयास लावतो कोण? सोयरीक जुळवितांना आपण पहिला प्रश्न काय विचारतों? मुलगी किती शिकली, हा नव्हे. तिची प्रकृति कशी, हा नव्हे. "रंगानें कशी आहे?" हा पहिला प्रश्न! मग मुलीची आई ओशाळून "गव्हाळ आहे" म्हणते, आणि मुलगी आंतल्या खोलींतून ऐकते. सांवळी असेल तर हुंड्याचा आंकडा चढतो. बाप सावकाराच्या दारीं जातो आणि मुलगी डबीकडे. ज्या घरानें सुनेचा रंग मागितला, त्या घरानें तिच्या मूत्रपिंडाचाच घास मागितला, असें आम्ही म्हणतों. शब्द कठोर वाटेल, पण अकोल्याची व कोट्टक्कलची हकीकत वाचून मग तो मागें घ्या म्हणावें.

आणि हा रंगाचा अभिमान आपल्यांत आला तरी कोठून? आपल्या आयाबहिणी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खुरपणी, कापणी, मळणी करतात. लोहाराची बायको भात्यापुढें बसते, कुंभारीण आव्यापाशीं राबते, वडारीण दगड फोडते. त्यांच्या अंगावरचा रंग हा श्रमाचा शिक्का आहे. सावलींत बसून खाणाऱ्यांनीं आपला फिका रंग थोर ठरविला, आणि उन्हांत राबून त्यांना खाऊं घालणाऱ्यांनीं तो निवाडा मुकाट्यानें मान्य केला! अंगावरच्या बेड्या दिसतात तरी. ही मनाची बेडी दिसतही नाहीं. आपल्या काळ्या रानाला आपण आई म्हणतों, पांढऱ्या खडकाळ जमिनीला कोणी विचारीत नाहीं. ज्या विठोबासाठीं लाखों शेतकरी पंढरीची वाट तुडवितात, तो काळा. त्याला उजळ करा असें आजवर कोणा वारकऱ्यानें म्हटलें नाहीं. जमीन काळी हवी, देव काळा चालतो, मग सून तेवढी गोरी कां?

आतां उपाय सांगतों. ते खर्चाचे नाहींत.

पहिला: ज्या डबीवर बनविणाऱ्याचें नांव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी व तारीख नाहीं, ती घरांत आणूं नका. पार्लरवालीनें स्वतः भरून दिलेली डबी तर मुळींच नको.

दुसरा: घटकांच्या यादींत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल हे शब्द आले तर तो पारा समजावा. "सोनें, चांदी, ॲल्युमिनियम, रबर किंवा दागिने यांना लागूं देऊं नये" अशी सूचना डबीवर असेल, तर आंत पारा असण्याचा संशय धरावा. कारण सोनाराला विचारा! क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा हायड्रोक्विनोन हीं नांवें दिसलीं तर तें सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून लावूं नये. इंग्रजी वाचतां येत नसेल तर डबी शाळेंत आणा. आम्ही मास्तर लोक वाचून दाखवूं. एवढ्याही उपयोगाचें आमचें शिक्षण नसेल तर तें काय कामाचें?

तिसरा: जी बाई अशीं मलमें महिनोन् महिने लावीत आली आहे, तिनें लाज न धरतां सरकारी दवाखान्यांत जावें, डबी बरोबर न्यावी आणि लघवींतील प्रथिनाची तपासणी करून घ्यावी. ही साधी तपासणी आहे. लघवीला फेस किंवा अंगावर सूज असेल तर एक दिवसही थांबूं नये. पाऱ्याचा संशय असेल तर मलम तात्काळ बंद करावें. डबी चुलींत टाकूं नये, कारण त्याची वाफ घरभर होते. स्टेरॉइड असेल तर तें कसें सोडावें हें त्वचेच्या डॉक्टरला विचारावें. चेहरा भडकला म्हणून पुन्हां त्याच डबीकडे वळूं नये.

चौथा, आणि हा सर्वांत मोठा: यापुढें सोयरीक जुळवितांना रंगाचा प्रश्न विचारणार नाहीं, आणि कोणी विचारला तर त्या घरीं मुलगी देणार नाहीं, असा ठराव गांवोगांवच्या बैठकींत, बचतगटांत, भावकींत करा. सरकारचा कायदा दुकानापर्यंत जातो. घराच्या उंबऱ्याच्या आंत आपलाच कायदा चालतो. विचारणारीं तोंडें बंद झालीं तर डबीचें गिऱ्हाईक आपोआप तुटेल.

मुलीला तोंड धुवावयास पाणी व साबण द्या, पोटभर भाकरी-भाजी द्या, शाळेंत पाठवा. डबीचे पैसे वांचतील, त्यांतून तिच्यासाठीं पुस्तक घ्या. तिचा रंग जसा आहे तसाच राहूं द्या. तो आपल्याच रानाचा रंग आहे, आणि त्याला कोणाची माफी मागण्याचें कारण नाहीं.